हाकेकऱ्यांचा मुलूख

भेकर बघायला जायचं, हे रात्री साडेदहाला ठरलं. ठरलं म्हणजे एकाने ग्रुपवर विचारलं, ‘उद्या कोण मोकळं आहे?’ आणि एरवी कामांचे पाढे वाचणारे सगळेच मोकळे निघाले. फेब्रुवारी संपत आला होता. नाणे मावळात, जांभिवलीच्या पुढे ढाकच्या पायथ्याच्या रानात सावर फुललीय आणि खाली पडलेली फुलं खायला पहाटे भेकरं येतात, असं कुणी तरी कुणाला तरी सांगितलं होतं. एवढ्या माहितीवर आपल्याकडे लग्नं जमतात. पहाटेची सहल जमायला काय हरकत होती?

आमच्यातल्या एकाच्या आजोबांकडे बारा बोअरची बंदूक होती. त्यांचा एक फोटो त्याच्या घरी अजून भिंतीवर आहे. गुडघ्यापर्यंत पट्ट्या गुंडाळलेले आजोबा, पायाशी सांबर, आणि मागे अंधूक, डोळे बारीक करून बघणारी बरीच माणसं. बंदूक पुढे सरकारजमा झाली, पण तिच्याबरोबर येणारी भाषा या नातवाकडे वारसाहक्काने आली. वारा बघितला पाहिजे, पाणवठा हेरला पाहिजे, आवाज करायचा नाही, असं तो गाडीत सांगत होता. अंगात लष्करी ठिपक्यांचा शर्ट आणि पायात पांढरेशुभ्र बूट. बाकीच्यांकडे दुर्बीण, हातभर लांबीची लेन्स, थर्मास आणि चिक्कीचा पुडा. लोणावळ्याच्या बाजूला जायचं म्हणून चिक्की पुण्यातून घेऊन निघणारी माणसं आम्हीच असू.

शिकार आमच्या पिढीने पाहिली ती पुस्तकांत. वाचनालयातल्या कॉर्बेटच्या अनुवादांनी आणि भानू शिरधनकरांच्या शिकारकथांनी कित्येक मराठी पोरांच्या मे महिन्याच्या दुपारी खाऊन टाकल्या. व्यंकटेश माडगूळकर तर स्वतःच बंदूक घेऊन रानात हिंडलेले. पुढे बंदूक सुटली आणि डोळे तेवढे राहिले, त्या डोळ्यांतून ‘सत्तांतर’सारखी वानरांची कादंबरी आली. प्रत्यक्षातली शिकार मात्र टप्प्याटप्प्याने बंद होत गेली. मुंबई राज्याने 1951 मध्ये वन्य प्राण्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. 1972 मध्ये देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा आला; त्यातही सुरुवातीला काही जनावरांसाठी परवान्याची फट होती, ती 1991 च्या दुरुस्तीने बुजली. हे बरं झालं, याबद्दल मला शंका नाही. सह्याद्रीत जे काही चार पायांवर उरलंय, ते त्या कायद्यामुळे.

पण शिकारीबरोबर आणखी एक गोष्ट बंद पडली, तिची नोंद कुठल्या कायद्यात नाही. ती त्या पहाटे बघायला मिळाली.

कामशेतला जुना हमरस्ता सोडला आणि नाणे गावावरून आत शिरलो. मावळचे लोक आपल्या तालुक्याचे तुकडे नदीनदीने पाडतात. पवनेचं खोरं ते पवन मावळ, आंद्रेच्या बाजूचा तो आंदर मावळ, आणि कुंडलीच्या कडेचा हा नाणे मावळ. पुण्यामुंबईच्या माणसाला मावळ म्हणजे भुशी धरणाच्या पायऱ्या आणि टायगर पॉइंटवरची कांदाभजी. त्या टायगर पॉइंटला आजूबाजूचे लोक वाघदरी म्हणत. आता तिथे वाघाच्या जागी मक्याची कणसं भाजतात. नाणे मावळात पर्यटक आला तो उशिरा, कोंडेश्वरच्या देवळासाठी आणि ढाकच्या बहिरीसाठी. बहिरीची गुहा उभ्या कड्यात आहे. वर जाताना पायाखाली बघवत नाही. तिथे पूर्वीपासून भांडी ठेवलेली असतात. आलेल्या माणसाने स्वयंपाक करावा, घासून परत ठेवावीत. चोरून नेली तर बहिरी बघून घेतो, असा समज. ठाकरांचा देव तो, हिशेबाचा पक्का.

अंधारात दिव्यांच्या झोतात दिसत होते ते बोर्ड. अमुक व्हॅली, तमुक हिल्स, ‘निसर्गाच्या कुशीत गुंठेवारी’, ‘कुत्र्यापासून सावध’. दोन्ही बाजूंनी तारेची कुंपणं, मधूनमधून दगडी कमानी, आणि कमानीच्या आत काहीच नाही, नुसतं गवत. आमच्या पुढाऱ्याचा नकाशा जांभिवलीच्या अलीकडेच रेंजसकट मेला. परक्या मुलखात रात्री वाट चुकलं की माणूस आधी एकमेकांशी भांडतो आणि मग गप्प होतो. आम्ही दुसऱ्या टप्प्यावर असताना रस्त्याच्या कडेला एक विडी पेटलेली दिसली.

कामशेतच्या एका दूधवाल्याच्या ओळखीने ज्यांना सांगून ठेवलं होतं, ते बाबा. ठाकरवाडीतले, पंच्याहत्तरीच्या पुढचे. डोक्याला मफलर, खांद्यावर घोंगडी, पायात रबरी चपला. त्यांनी गाडीच्या काचेतून एकेकाकडे बघितलं आणि नाक मुरडलं.

“सेंट कुनी मारलाय?”

मारला होता एकाने. त्याला ओहोळात नेऊन मानेला चिखल लावायला लावला. पांढऱ्या बुटांचीही तीच गत झाली. ही शिकारीची तयारी कुठल्या पुस्तकात वाचल्याचं मला आठवत नाही.

“वर नगं जायला,” बाबा म्हणाले. पुढारी डोंगराच्या बाजूला चढायला लागला होता. “आत्ता वारं डोंगरावरनं खाली येतंय. तुमी वर बसला तर तुमचा वास त्येच्या आधी खाली जाईल. ऊन आलं का वारं उलटं चढंल, मंग उठायचं. तवर काय दिसंल ते दिसंल.”

पहाटेची थंड हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि उन्हाने तापली की वर चढते, हे भूगोलाच्या पुस्तकात आम्ही सगळ्यांनी शिकलेलं होतं. चार मार्कांना होतं. आपण कुठल्या झाडाखाली बसायचं हे त्यावरून ठरवता येतं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

बसलो. एका बाजूला वाळलेली कारवी, पुढ्यात करवंदीची जाळी, आणि तिच्यापलीकडे सावर. अंधार पातळ झाला तसं ते झाड आधी काळं, मग करडं आणि मग एकदम लाल झालं. एक पान नाही अंगावर, नुसती फुलं. सावरीचं फूल पाकळीपाकळीने गळत नाही. आख्खं, मांसल, पाणी भरलेलं, टप्प करून खाली येतं. दर टप्प्याला आमच्यातला एक जण दचकत होता आणि लेन्स वर उचलत होता. लांब रानकोंबडा आरवला. पळसमैना येऊन फुलांत चोची घालायला लागल्या. तांबटाचं टुकटुक सुरू झालं. पायाला मुंग्या आल्या. एका खऱ्या मुंगीनेही हजेरी लावली.

मग भेकर ओरडलं.

ज्याने तो आवाज ऐकलेला नाही, त्याला हे हरीण आहे असं सांगून पटणार नाही. घसा बसलेल्या मोठ्या कुत्र्याचं एकच भुंकणं, मग थांबून पुन्हा एकच. कोकणातून येऊन डोंगरावर आपटावं आणि पुन्हा दरीत जावं, इतका दणका. आवाजावरून जनावर घोड्याएवढं वाटतं. असतं ते गुडघ्याच्या जरा वर, वीस-पंचवीस किलोचं. नराची शिंगं केसाळ खुंटांवर उगवतात, वरच्या जबड्यातून सुळे बाहेर येतात. हरणांच्या खानदानातला हा जुन्या वळणाचा नातेवाईक. कळपाची हौस नाही. एकटा फिरतो, उंबर, आवळा, कोवळा पाला, पडलेली फुलं वेचून खातो, आणि संशय आला की रानभर बोंब मारतो. बिबट्या निघाला की भेकर त्याच्या मागे लागल्यासारखं भुंकत राहतं, कधी कधी तासभर. बिबट्याचा सगळा डाव मुळी न कळता जवळ जाण्याचा. एकदा नाव पुकारलं गेलं की त्याला तिथे थांबण्यात अर्थ नसतो.

“बिबट्या?” मी ओठांनीच विचारलं.

बाबांनी मान हलवली. मग आमच्याकडे, एकेकाकडे, बोट दाखवलं.

पुढचा पाऊण तास ते आमच्याविषयी भुंकत होतं. आधी उजवीकडून, मग वरून, मग मागच्या बाजूने. आम्ही ज्याला बघायला आलो होतो ते आम्हाला सगळ्या बाजूंनी बघून घेत होतं, आणि त्या बाजूच्या रानातल्या एकूण एक जिवाला आमचा पत्ता सांगत होतं. शेवटी कारवीत काही तरी हललं, शेपटीखालचा पांढरा झुपका एका मित्राला दिसला, आणि बाकीच्यांनी तो आपल्यालाही दिसल्याचं परतीच्या वाटेवर ठरवून टाकलं. लेन्समध्ये आलं ते कारवीचं वाळकं बोंड. अप्रतिम फोकस.

ऊन झाडावर आलं तसे बाबा उठले आणि जे दाखवायचं ते तेव्हा दाखवलं. सावरीखाली पडलेल्या फुलांतली काही नुसती बुडं उरलेली होती, पाकळ्या सफाईने खाल्लेल्या. ओहोळाच्या कडेला, जिथे पाणी आटून चिखल लोण्यासारखा झाला होता, तिथे खूर उमटला होता. दोन अरुंद, टोकदार पाकळ्या. पुढच्या टोकाशी जवळ आलेल्या, मागे किंचित फाकलेल्या. बाबांनी आपला अंगठा त्याच्या शेजारी दाबला. अंगठ्याच्या पहिल्या पेरापेक्षा खूर थोडाच मोठा. खुराची कड अजून धारदार होती, आत पाणी झिरपलेलं नव्हतं. “ह्ये तुमी आल्यावर,” ते म्हणाले. म्हणजे आम्ही मानेला चिखल लावत होतो, त्याच्या वरच्या अंगाला, चाळीस पावलांवर ते पाणी पीत उभं होतं.

मग चहा पिताना त्यांनी हाक्याची गोष्ट सांगितली. पोरवयात बापाबरोबर ते हाक्याला जात. लोणावळ्या-खंडाळ्याच्या बंगल्यांतून साहेब लोक यायचे, मुंबईचे, जीप घेऊन. शिकार सकाळी, पण काम आदल्या दिवशी सुरू. चार-दोन जाणती माणसं माग काढून यायची: जनावर रात्री कुठे चरतं, उजाडता कुठे आडोशाला बसतं, उठवलं तर कुठल्या खिंडीने पळेल. भेकर, सांबर, डुक्कर, प्रत्येकाची पळायची वाट ठरलेली. मग त्या वाटेच्या तोंडाशी, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, बंदूकवाले बसवायचे. दोन्ही कडांना झाडांवर एकेक माणूस. जनावर वाकडं निघालं तर त्याने ओरडायचं नाही, फांदीवर नुसती टिचकी मारायची किंवा खाकरायचं, की ते आपोआप सरळ होतं. आणि खालून डबे, ढोल, शिव्या घेऊन हाकेकऱ्यांची रांग. दोन माणसांत जास्त अंतर पडलं तर जनावर मधनंच मागे निसटतं, म्हणून शेजाऱ्याचा डबा कानात ठेवून चालायचं. साहेब नसले तर वाडीची आपली पारध असायची, शिमग्याच्या सुमारास; तिला बंदूक नाही, वाघर लावायची, सुतळीची जाळी.

“मंग सायेब बार टाकायचा,” बाबा म्हणाले.

“लागायचा?”

“कदी लागायचा.”

हाकेकऱ्याला दीड रुपया आणि वशाटाचा वाटा. मुंडकं आणि कातडं साहेबाचं.

मला मित्राच्या घरचा तो फोटो आठवला. आमच्या शिकारकथांत बंदुकीची नळी किती बोअरची, काडतूस कुठल्या कंपनीचं, गोळी खांद्याच्या किती बोटं मागे लागली, याचा तपशील पानभर असतो. ज्यांनी जनावर त्या नळीसमोर आणून उभं केलं, ते ‘वीस-पंचवीस हाकेकरी जमवले’ या चार शब्दांत संपतात. परक्या मुलखात येऊन एका क्षणाचं काम करणाऱ्याला शिकारी म्हणायचं, आणि त्या मुलखातला एकेक ओहोळ पाठ असलेल्याला मजूर, ही आमच्या साहित्याची जुनी खोड आहे. शिरधनकर-माडगूळकरांचं मोठेपण हे, की ते निदान या माणसांशी बोलत बसले. पण एकूण कपाट उघडलं तर बंदूकच बोलते.

शिकार थांबली तेव्हा बंदूक गेली, ते ठीकच. पण त्याबरोबर वाटांचं ते शास्त्रही निकामी झालं, कारण त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळालं नाही. बाबांच्या मुलाला माग येत नाही. नातवाला तर नाहीच. तो एका बंगल्यावर केअरटेकर आहे, पोहण्याच्या टाकीत क्लोरीन किती टाकायचं हे त्याला येतं. बाबांना याचं फारसं दुःख दिसलं नाही. “आता काय करायचं माग काडून,” म्हणाले. दुःख करायला आम्ही होतो.

जनावरांच्या वाटा ओळखणाऱ्याचं काय होतं, याची एक दंतकथा याच डोंगरात आहे. बोरघाटात साहेबाला वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपली गुरं ज्या वाटेने चढतात ती दाखवली. बक्षीस विचारलं तर म्हणाला, आमचा देश आम्हाला परत द्या. साहेबाने गोळी घातली. घाटात त्याचं देऊळ आहे. ड्रायव्हर मंडळी गाडी हळू करून नाणं टाकतात. गोष्ट खरी-खोटी कशीही असो, घाटाचा रस्ता 1830 मध्ये झाला, रेल्वे 1863 मध्ये चढली, आणि सगळे सर्वेक्षणवाले डोंगर चढायला आधी कुणाच्या तरी ढोरवाटेनेच गेले असणार. त्यानंतर मावळाला उसंत मिळाली नाही. लोणावळा, वळवण, शिरवते इथलं पाणी अडवून 1915 मध्ये टाटांची वीज खोपोलीला सुरू झाली आणि मुंबईच्या गिरण्या तिच्यावर फिरू लागल्या. खोऱ्यांचे तळ पाण्याखाली गेले. 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला, दोन्ही बाजूंनी कुंपण घातलेला, साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. त्या रस्त्याने पुणं-मुंबई जवळ आली म्हणतात. ढाकच्या बाजूच्या भेकराला लोहगडाची बाजू त्याच दिवशी परदेश झाली.

आणि आता ही गुंठेवारी. वाडीतून गाडीकडे येताना बाबांनी एका कुंपणाशी थांबवलं. काटेरी तारेच्या खालच्या पदरात तांबूस केसांचा झुबका अडकला होता. खाली जमीन खरवडून घासून गेलेली. आतला प्लॉट विकत घेणाऱ्याने तो अजून पाहिलेलाही नाही म्हणे. कुंपण मात्र गेल्याच दिवाळीत झालं. भेकर जुन्या वाटेनेच येतं. तारेखालून पोट घासत जातं, पण जातं तिथूनच. आम्ही अंधारात जसे त्या रस्त्यावर चुकलो होतो, तसंच तेही रोज आपल्या स्वतःच्या रानात चुकत असेल. फरक इतकाच की त्याला विडी पेटवून वाट बघणारं कुणी नाही.

परतताना कार्ल्याला थांबावं असं एकाचं मत पडलं. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात, बुद्धाच्या पायाखालच्या चक्राच्या दोन्ही अंगांना हरणं कोरलेली आहेत. मावळात हमखास दिसणारी हरणं तेवढीच, असा त्याचा मुद्दा. पण एकवीरेला रविवारची गर्दी उसळली असणार आणि पोटात भूक. बेत रद्द झाला.

बाबांना कामशेतला बाजारात जायचं होतं, ते गाडीत पुढे बसले. उजेडात तोच रस्ता आता निराळा दिसत होता, आणि ते खिडकीतून बोट दाखवत बोलत होते. इथे ढोलवाले उभे राहायचे. त्या कमानीपाशी बाप झाडावर बसायचा, झाड गेलं. ही खिंड, आता हिच्यात जेसीबी बसलाय. “आन थितं,” त्यांनी निळ्या टाकीच्या बंगल्याकडे मान वळवली, “येकदा सांबार पडलं हुतं. लई मोटं. सायेब घाबरून झाडावर चडला.” मागच्या सीटवरचा बंदूकवाल्या आजोबांचा नातू एकदम पुढे झाला. कुठला साहेब, कधी, नाव काय? बाबा म्हणाले, नावं कोण ठेवतंय लक्षात. सगळे सायेबच.

कामशेतच्या चौकात आम्ही मिसळ मागवली. ते खाईनात, समोरच्या शेतीमालाच्या दुकानात शिरले. थोड्या वेळाने तिथून आवाज चढायला लागला म्हणून बघायला गेलो. बाबा हिरव्या जाळीचा गठ्ठा उलगडून तिची भोकं बोटाने मोजत होते.

“बाबा, कशाला ही?”

“वाल लावलाय परसात. रातचं येऊन खातंय.”

“कोण?”

“कोन म्हंजी? भ्याकर. सकाळी भेटला नव्हं तुमी,” ते म्हणाले, आणि दुकानदाराकडे वळून मीटरमागे दोन रुपये सोडायला सांगू लागले.